पळसनाथाचं देऊळ आणि ‘हेमाडपंती’ नावाचा शॉर्टकट

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि पाठोपाठ बातम्याही. २०२४ च्या उन्हाळ्यातही तेच झालं. बातम्या असोत की यूट्यूब, शब्द एकच: हेमाडपंती. वरकुट्यात विचारा नाहीतर पळसदेवात, इंदापूर तालुक्यात जुन्या दगडी देवळाला लोक दुसरं काही म्हणतच नाहीत. गावकऱ्यांनी म्हणावं, त्यात काही बिघडत नाही. पण तुम्ही संशोधन आराखड्यात ‘हेमाडपंती शैलीतील मंदिर’ असं लिहिलंत, तर पहिला प्रश्न येईल: म्हणजे नेमकं काय?

कालखंड म्हणायचा असेल, तर तो जुळत नाही. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, आणि महादेव गादीवर आला १२६१ च्या सुमारास. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. हेमाद्रीच्या कारभाराआधी दोनशे वर्षं! तरी त्यालाही बिनधास्त हेमाडपंती म्हटलं जातं. खुद्द पळसदेवचा मराठी शिलालेख शके १०७९ चा, म्हणजे ११५७ चा. तोही शंभर वर्षं आधीचा.

मग माघार घेऊन सांगतात की शब्द बांधणीबद्दल आहे: चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून केलेलं काम. पण हे तंत्र झालं, शैली नव्हे. अशी कोरडी जुळणी कर्नाटकातही आहे, गुजरातेतही. आणि पळसनाथापुरतं बोलायचं तर ही व्याख्या अर्ध्यातच तुटते. खाली दगड आहे, पण शिखर विटा आणि चुन्याचं! ‘चुना न वापरता’ म्हणणाऱ्यांनी मान थोडी वर केली असती तर बरं झालं असतं. (हा शब्द फक्त लोकांच्या तोंडी रुळला असं समजू नका. ब्रिटिशकाळातल्या गॅझेटियरांनी तो सर्रास छापला आणि आपण तिथूनच उतरवत आलो.)

शिखराला नाव आहे: भूमिज. चारही बाजूंना मधोमध तळापासून वरपर्यंत एक उभा पट्टा जातो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. अशी प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. अंबरनाथचं शिखर भूमिज, सिन्नरच्या गोंदेश्वराचंही भूमिज. पण ती दोन्ही दगडात आहेत. म्हणजे पळसदेवला विचारायचा प्रश्न असा: वीट मुळातच योजली होती, की दगडी देवळावर नंतर कुणी शिखर चढवलं? ‘हेमाडपंती’ लिहून मोकळं झालात की हा प्रश्न सुचतच नाही. माझा त्या शब्दावर खरा राग आहे तो यासाठी.

उत्तर शोधायला सुरुवात भिंतीपासून करा. भिंतीचे पुढे आलेले आणि मागे सरलेले भाग शिखरात तसेच वर चढतात का, ते पाहा. चढत असतील, तर खालचा आणि वरचा आराखडा एकाच डोक्यातून आल्याची शक्यता वाढते. मध्येच तुटत असतील, तर दुरुस्तीचा संशय घ्या. मग विटांची मापं, चुन्याचे थर, गिलावा किती वेळा चढलाय ते. शिलालेखाचा आधार घ्याल, पण जपून. लेखातलं साल दानाचं असू शकतं, जीर्णोद्धाराचं असू शकतं, शेजारच्या दुसऱ्याच देवळाचंही असू शकतं. शिळा हलवल्या जातात. साल सापडलं म्हणजे आख्ख्या इमारतीचं वय सापडलं, असं होत नाही.

आणि हे सगळं सवडीने करता येत नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. गाव उठलं, देव नव्या गावठाणातल्या देवळात गेला, जुनी वास्तू पाण्यात राहिली. दरवेळी पाणी चढतं, उतरतं, आणि भिजून वाळणारी वीट दगडाइतकी टिकत नाही. पाणी उतरलं की हातात काही आठवडेच असतात. तेव्हा पुढच्या वेळी ड्रोन उडवायच्या आधी टेप घेऊन जा, आणि निदान दहा विटांची लांबी, रुंदी, जाडी वेगवेगळ्या उंचीवरून नोंदवून आणा. पडलेल्या विटांची वेगळी यादी करा, त्या भिंतीतल्या विटांत मिसळू नका.