मोजण्याआधी वेगळे करा

मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले, ही २००८ सालची घटना यशोगाथा म्हणून सांगितली जाते. यश खरेच आहे. पण ज्या उपकरणाने हा शोध लागला त्याची चिकित्सा केली, तर शिक्षकांच्या हाती अधिक काही लागते.

फीनिक्स यानाने चिमूटभर माती पाण्यात कालवली व द्रावणातील आयन निरनिराळ्या इलेक्ट्रोडांनी मोजले. त्यांपैकी नायट्रेटसाठी योजलेल्या इलेक्ट्रोडने प्रचंड संकेत दिला. तो नायट्रेटचा मानला, तर त्याचे वजन घेतलेल्या मातीपेक्षाही जास्त भरले असते! परक्लोरेटला मात्र हा इलेक्ट्रोड सुमारे हजारपट अधिक संवेदनशील होता. यावरून मातीत सुमारे अर्धा टक्का परक्लोरेट असल्याचा निष्कर्ष निघाला. तर्क अचूक होता. पण त्या गोंगाटात नायट्रेट आहे की नाही, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. त्याचा पुरावा २०१५ मध्ये क्युरिऑसिटीकडून, माती तापवून निघणाऱ्या वायूंच्या तपासणीतून मिळाला.

उणीव इलेक्ट्रोडची नव्हे, मिश्रण वेगळे न करता मोजण्याची आहे. केशनलिका विद्युतसंचरणात केसाएवढ्या बारीक नळीच्या दोन टोकांना हजारो व्होल्टचा दाब देतात. विद्युतभार व आकारमान यांनुसार आयन वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि एकामागून एक शोधकापाशी पोचतात. थेंबाचाही अंश पुरतो, अवजड पंप लागत नाही. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांसाठी अशी छोटी उपकरणे घडवली जात आहेत. मात्र त्यांची भलावण करतानाही सावध असावे: एक बुडबुडा किंवा मातीचा कण नळी तुंबवू शकतो, आणि तेथे ती साफ करायला कोणी नसते.

हा प्रश्न मंगळापुरता नाही. चंद्रपूर जिल्ह्यात काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड आहे. झिर्कोनियम-रंजकाच्या संचाने ते रंगावरून तपासतात. पण सल्फेट जास्त असल्यास रंग फसवतो. कोळशातील पायराइटच्या ऑक्सिडीकरणातून सल्फेट बनते. तेव्हा माजरीसारख्या खाणगावात ही शंका घ्यायलाच हवी. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. आकडा तिच्या आसपास असेल, तर मुलांचे दात आणि हाडे केवळ रंगावर सोपवू नयेत. नमुना आयन क्रोमॅटोग्राफी असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा.

वर्गात संच वापरताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारा: हाच रंग आणखी कशाने येऊ शकेल?