गोंगाट कशाला म्हणायचं? : विद्यार्थ्यांच्या रेडिओ प्रोमोंविषयी

रेडिओचा प्रोमो कुणी मुद्दाम ऐकत नाही. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत तो येतो, वीस-तीस सेकंद वाजतो आणि जातो. सिनेमाच्या ट्रेलरवर तासतासभर व्हिडिओ बनतात, रेडिओच्या प्रोमोवर कुणी चार ओळी लिहीत नाही. पण विचार करा, बाकी वेळ स्टेशन दुसऱ्यांचं काहीतरी वाजवत असतं : गाणी, मुलाखती, जाहिराती. स्वतःबद्दल ते बोलतं ते फक्त या फटीत. ‘मी कोण, कुठून बोलतोय, कुणाशी बोलतोय’ एवढं तिथे सांगायचं असतं. सावकाश मराठी बोललं तर ३० सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात. एवढ्या कमी जागेत लपायला वाव नसतो. म्हणून हा प्रकार गंभीरपणे ऐकण्यासारखा आहे.

माझा एक मित्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकवतो. कॉलेजचं स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी केंद्रासाठी बनवलेले अकरा प्रोमो त्याने मला ऐकायला दिले, सोबत काहींची कच्ची रेकॉर्डिंगही. सगळे मिळून साडेपाच मिनिटांचा ऐवज नाही, पण मी तो हेडफोन लावून आठवडाभर पुन्हा पुन्हा ऐकला. ही शिकाऊ कामं आहेत, म्हणून मुलांची आणि कॉलेजची नावं देत नाही. त्यांची गरजही नाही. तुमच्या ओळखीत कुणी मास कॉम करत असेल तर असेच प्रोमो त्याच्याही लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल फायनल’ या नावांनी पडलेले असणार.

अकरापैकी आठ प्रोमो एकाच आईची लेकरं आहेत. सुरुवातीला रेडिओची सुई फिरवल्याचा खरखराट. (आज वीस वर्षांच्या मुलांपैकी कितीजणांनी सुई फिरवून स्टेशन लावलंय?) मग वाऱ्यासारखा सूंऽऽ करून जाणारा आवाज, मग धडाम. त्यावर खर्ज वाढवलेला पुरुषी आवाज, शेवटच्या शब्दाला लांबलचक एको. मजकूर असा की केंद्र ‘मनातलं’ आहे, ‘हक्काचं’ आहे, ‘तरुणाईची धडकन’ आहे. यातला एकही शब्द त्या गावाबद्दल, त्या कॉलेजबद्दल, तिथल्या माणसांबद्दल नाही. स्टेशनचं नाव बदललं तर हाच प्रोमो नागपुरात चालेल, इंदूरमध्येही चालेल.

हे कुठून आलंय ते सांगायला नको. २००१मध्ये बंगळुरूत देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत शहरी रेडिओची एक बोली तयार झाली : वेगवान, सतत हसरी, सतत मोठ्याने बोलणारी. त्या बोलीला कारण होतं. एका शहरात पाच-सहा स्टेशनं एकाच श्रोत्यासाठी झगडत होती, त्यामुळे ओरडणं हा धंद्याचा भाग होता. कम्युनिटी रेडिओचं गणितच वेगळं आहे. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. २००२च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना रेडिओ केंद्र चालवायची वाट मोकळी झाली, २००६मध्ये ती स्वयंसेवी संस्थांसाठीही उघडली. या केंद्रांच्या ट्रान्समीटरवर सर्वसाधारणपणे १०० वॅटची मर्यादा असते, म्हणजे आवाज जातो पाच-दहा किलोमीटर. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक माणसांच्या सहभागातून व्हावेत अशी अट असते. थोडक्यात, कायद्याने या केंद्राला लहान ठेवलंय आणि लहान असणं हेच त्याचं काम आहे. त्याचा प्रोमो मात्र महानगराच्या आवाजात बोलतो. गल्लीतल्या किराणा दुकानाने मॉलची पाटी लावावी तसा.

नक्कल फक्त आवाजाच्या पोताची असती तर एवढं लिहिलं नसतं. ती वाक्यात शिरली आहे. आठही प्रोमो ‘तुम्ही ऐकताय...’ असे थांबतात, मग धडाम, मग स्टेशनचं नाव आणि ‘नाईन्टी पॉइंट फोर’. हा इंग्रजी वाक्याचा सांगाडा आहे. इंग्रजीत नाव शेवटी येतं, म्हणून ढोल नावावर पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘आकाशवाणीचं हे पुणे केंद्र आहे’ या धर्तीची उद्घोषणा आठवा. नाव मध्ये येतं आणि वाक्य ‘आहे’वर अलगद टेकतं. नावाला धक्का मिळत नाही, पण वाक्याला जमीन मिळते. जाहिरातीला धक्का लागतो हे मान्य. पण मराठी वाक्य न मोडता जोर कुठे द्यायचा हा प्रश्न या मुलांनी सोडवायला घेतलेलाच नाही. तो कुणी त्यांच्यासमोर ठेवलेलाही दिसत नाही. मराठीत जोर द्यायला ‘च’ आहे, ‘तर’ आहे, शब्दांची उलटापालट आहे. आपण बोलताना हे दिवसभर वापरतो आणि माइक समोर आला की विसरतो.

ओळख सांगायला ओरडावं लागतंच असंही नाही. आकाशवाणीची सकाळची ती धून आठवा, जिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. हा संगीतकार युरोपातल्या नाझी छळापासून वाचण्यासाठी १९३४मध्ये मुंबईत आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात त्याने काम केलं. तंबोऱ्याच्या सुरांवर तरंगणारी काही सेकंदांची ती चाल. त्यात शब्द नाही, दावा नाही, विशेषण नाही. बीबीसीच्या वेळ सांगणाऱ्या सहा ‘पिप’ १९२४पासून चालू आहेत, त्यांतही काही सांगितलेलं नाही. दोन्ही ठिकाणी ओळख तयार झाली ती रोज त्याच वेळी तेच वाजवल्याने. प्रोमो बनवणाऱ्याला पहिल्याच ऐकण्यात सगळं जिंकायचं असतं. रेडिओ मात्र सवयीने मनात शिरतो.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. हे सगळे प्रोमो ऑडेसिटीवर केलेले आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २०००मध्ये लोकांसमोर आला. फुकट, मुक्त-स्रोत, जुन्या लॅपटॉपवरही चालणारा. ज्या कॉलेजकडे काचेमागचा स्टुडिओ बांधायला पैसे नाहीत, त्याच्याही मुलांना आवाज कापता-जोडता आला तो अशा सॉफ्टवेअरमुळे. हे ऋण मोठं आहे. पण मी सॉफ्टवेअरच्याच धंद्यात असल्यामुळे एक गोष्ट रोज बघतो : मेन्यूत जे आयतं मिळतं तेच बहुतेक लोक वापरतात. डिफॉल्ट हा कुणीतरी आधीच घेतलेला निर्णय असतो, आपण फक्त ‘ओके’ दाबतो.

ऑडेसिटीतला ‘नॉइज रिडक्शन’ हा इफेक्ट बघा. तो दोन टप्प्यांत चालतो. आधी तुम्ही रेकॉर्डिंगमधला असा तुकडा निवडता जिथे कुणी बोलत नाहीये, आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबता. म्हणजे सॉफ्टवेअरला सांगता की याला गोंगाट समज. मग अख्खं रेकॉर्डिंग निवडून इफेक्ट लावला की त्या तुकड्यासारखं जे जे असेल ते सगळीकडे दबतं. गोंगाट म्हणजे काय हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते तुम्हाला विचारतं. मला हा फार प्रामाणिक प्रश्न वाटतो.

मुलांनी त्याचं उत्तर काय दिलं ते कच्च्या रेकॉर्डिंगमधून कळतं. पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण, माइकची सरसर हे गेलं. जायलाच हवं होतं. खराब रेकॉर्डिंगला ‘अस्सल’ म्हणून मिरवणं हा शहरी रसिकांचा रोग आहे. खरखर ही खरखरच असते. पण त्याबरोबर बरंच काही गेलं. एका कच्च्या फाइलमध्ये लांबवर एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू येते, एकीत पावसाचे थेंब पत्र्यावर पडतायत. पक्क्या फाइलमध्ये दोन्ही नाहीत, आणि इफेक्ट जास्त दिल्यामुळे आवाज पाण्याखालून आल्यासारखा डुबडुब करतो. मग ती पोकळी भरायला इंटरनेटवरून उतरवलेला सूंऽऽ आणि धडाम. स्वतःच्या गावाचा आवाज पुसून त्या जागी कुणाच्याच गावाचा नसलेला आवाज बसवला.

एका मुलीच्या दोन फाइल ऐकताना मी जास्त वेळ थांबलो. शेतीपाण्याच्या कार्यक्रमाचा प्रोमो आहे. कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये ती सहज बोलते, ‘पानी’ म्हणते आणि मध्येच हसते. पक्क्यात ‘पाणी’ आहे. ‘ण’ इतका जपून उच्चारलाय की त्याच्याभोवतीचे सगळे शब्द ताठ उभे राहिलेत. हसू कापलंय, श्वासही कापलेत. प्रमाण उच्चार येणं ही कमाईची गोष्ट आहे. तिला पुढे पुण्या-मुंबईत नोकरी मागायची असेल तर तो तिला यायला हवा, आणि त्याबद्दल तिला कुणी हिणवू नये. पण हा प्रोमो कुणासाठी आहे? दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, ‘पानी’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. त्यांच्याशी त्यांच्यासारखं बोलायची परवानगी असलेली बहुधा ही एकमेव रेडिओ लहर. तिथेही ही मुलगी शिकते ते हेच की आपलं बोलणं म्हणजे कच्चा मसुदा, आणि ‘फायनल’ म्हणजे दुसऱ्याचं बोलणं.

दोन प्रोमोंत तर माणूसच नाही. मजकूर टाइप करून संगणकाच्या आवाजात वाचून घेतलाय. उच्चार स्वच्छ आहेत, पण ‘आमचं’मधला ‘च’ ‘चमचा’तल्या पहिल्या ‘च’सारखा येतो आणि ‘माझा’तला ‘झ’ हिंदी वळणाचा. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ दोन-दोन प्रकारे उच्चारले जातात. लिहिताना फरक दाखवत नाहीत, तो ऐकूनच येतो. ‘आमचं रेडिओ’ हे परक्या ‘च’ने म्हटलेलं ऐकणं विनोदी आहे, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर तेवढं विनोदी राहत नाही.

यावर मित्राचं म्हणणं असं, की मुलांना नोकऱ्या व्यावसायिक स्टेशनांत शोधायच्या आहेत, तिथे हेच मागतात. आधी नक्कल जमली पाहिजे. मुद्दा खरा आहे. गायकही आधी गुरूचा गळा उचलतो. आणि या आठ प्रोमोंत कसब नाही असं मी म्हणत नाही. व्हीओ सुरू झाला की मागचं संगीत आपोआप मान खाली घालतं, कट कुठेही टिचकत नाहीत. विशीतल्या मुलांनी हे एका सत्रात शिकलंय. पण नक्कल कशाची करायची हेही शिकवायला लागतं. आकाशवाणीचे नभोनाट्यवाले, बाजारात लिलाव पुकारणारे, कीर्तनकार हेही आवाजाचे गुरू आहेत. त्यांच्यापैकी कुणाचीही नक्कल अकरांत एकदाही नाही.

उरलेल्या तिनांपैकी दोन घाईत उरकलेले आहेत. तिसऱ्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. तो २२ सेकंदांचा आहे. आधी काहीच नाही, फक्त मोकळी हवा. मग लांबून साखर कारखान्याचा भोंगा. तो विरत जातो तशी एक सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज येतो, कुणीतरी कुणालातरी विचारतं की सुटला का. आणि एक मुलगा साध्या आवाजात, एकाच वाक्यात, केंद्राचं नाव आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाची वेळ सांगतो. वाक्य ‘आहे’वर संपतं.

बनवणाऱ्याने ठरवून केलं की नाही ते मला माहीत नाही, पण यातली जुळणी अचूक आहे. भोंगा काही किलोमीटर ऐकू जातो, १०० वॅटचा ट्रान्समीटरही जवळपास तेवढाच. ज्यांना हा भोंगा ऐकू येतो तीच या केंद्राची माणसं. ‘आम्ही तुमचे’ असं कुठेही न म्हणता प्रोमोने श्रोत्यांची हद्द आखून दिली. शिवाय भोंगा म्हणजे वेळ, पाळी सुटल्याची खूण. बीबीसीच्या पिपचं काम इथे कारखान्याने आधीच करून ठेवलंय, मुलाने ते फक्त ओळखलं.

दोष यातही आहेत. भोंगा पुरता विरायच्या आत आवाज येतो, आणखी दोन सेकंद थांबायला हवं होतं. शेवटी धीर सुटल्यासारखी एक छोटी झांज टाकली आहे, ती काढून टाकावी. हंगाम संपला की कारखाना बंद होतो, मग हा प्रोमो खोटा पडेल. पण ही अडचण नसून पुढचं काम आहे. पावसाळ्यात त्या गावात संध्याकाळी सहाला काय ऐकू येतं, हे शोधायला कुणालातरी माइक घेऊन बाहेर जावं लागेल.