गोल ठिपका

चित्र मृगातल्या तेजोमेघाचं आहे. तलासरीच्या बाजूला, महामार्गाच्या दिव्यांपासून बरंच आत असलेल्या एका माळावर माझ्या भाच्याने ते जानेवारीत टिपलं. बघणारा आधी त्या गुलाबी पंखांकडे वळतो. मी कोपऱ्यातला एखादा अगदी फालतू तारा शोधतो. चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने वारली चित्रकार पिठाचा ठिपका टेकवतो, तसा तो गोल आहे का?

इथे आहे. चारही कोपऱ्यांत.

हे श्रेय 80 मिमीच्या दुर्बिणीचं कमी, तिच्या खालच्या माउंटचं जास्त. मृगाच्या भागात आकाश सेकंदाला 15 विकला सरकतं. तीन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये पाऊण अंश, म्हणजे पौर्णिमेचे दीड चंद्र! माउंटने दुर्बिणीला तेवढंच, तितक्याच संथपणे सोबत न्यायचं. या दुर्बिणीची फोकल लेंग्थ 480 मिमी आहे, 3.76 मायक्रॉनचा एक पिक्सेल आकाशाच्या 1.6 विकला व्यापतो. चूक तेवढ्यात मावली तर तारा गोल राहतो.

भाच्याकडे आठ इंची न्यूटोनियनही आहे, फोकल लेंग्थ 1000 मिमी. तिच्यात तोच पिक्सेल पाऊण विकलेला येऊन ठेपतो आणि तीच चूक दुप्पट दिसते. गेल्या वर्षी डहाणूच्या किनाऱ्यावर तिच्यातून काढलेला फोटो मी पाहिलाय. सगळे तारे तांदळाच्या दाण्यांसारखे. माउंट 14 किलो पेलतं असं पुस्तिका सांगते, आणि नळी, कॅमेरा, गाइडर मिळून भरले होते 12. पण जाणकार फोटोसाठी त्या आकड्याचा अर्धा, फार तर दोन तृतीयांश भागच धरतात. शिवाय किलो म्हणजे सगळं नव्हे. कावड वाहिलेल्याला विचारा: टोपली दांडीच्या टोकाकडे सरकली की तेच ओझं वेगळं वागू लागतं. वजन अक्षापासून दुप्पट लांब गेलं की त्याला वळवणं-थांबवणं चौपट अवघड. त्यात ती लांब नळी खाऱ्या वाऱ्यात शिडासारखी उभी.

डहाणूची आणखी एक खोड आहे. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर, त्यामुळे माउंटचा अक्ष जवळजवळ आडवाच होतो आणि काउंटरवेटची दांडी खाली आली की ट्रायपॉडच्या पायाला भिडू पाहते. दुर्बीण जड, तर तोलाच्या चकत्याही जास्त, आणि भिडण्याची भीतीही.

आयझॅक रॉबर्ट्सने 1888मध्ये देवयानी दीर्घिकेचा चार तासांचा फोटो घेतला, तो ग्रबच्या 20 इंची दुर्बिणीतून. तिच्या तोलासाठी दुसऱ्या टोकाला होती 7 इंची दुर्बीण! मला तर हा तोल त्या फोटोइतकाच देखणा वाटतो. ग्रबचीच 20 इंची दुर्बीण कावसजी नायगमवालांनी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वापरली. पुढे ती कोडाईकनालला गेली.

भाच्याच्या चित्रात रंग थोडा चढवलाय, तेवढं मला खटकतं. पण गाभ्यातले चार तारे सुटे दिसतात, कारण तिथे त्याने वेगळे, छोटे एक्स्पोजर जोडलेत. आणि माळावर निघताना पाच किलोंचंच सामान उचललं.

आठ इंची घरात चादरीखाली असते. शेजारची पोरं शनीची कडी बघायला आली की बाहेर निघते, त्याच माउंटवर चढते. हात लागला की दोन सेकंद थरथरते, मग थांबते. पोरं तेवढं थांबतात.