वकट, लेंड आणि पोझिशन फाइव्ह

आमच्या मंडळाच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी तक्रार मांडली की, आंतरजालावर जोडीने खेळणाऱ्या मुलांनी भाषेची पार दैना करून टाकली आहे. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषा सांभाळणाऱ्या आम्हां हैदराबादकरांना ही पाचवी भाषा कशाला हवी, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळी आम्हीही मान डोलावली होती. पुढे अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या नातवाच्या शेजारी काही संध्याकाळी टिपणवही घेऊन बसलो (महसूल खात्यातील जुनी खोड, दुसरे काय!) आणि आमचे मत पालटले. या भाषेवर आरोप करावयाचाच असेल तर तो वेगळा करावा लागेल, असे आता आम्हांस वाटते.

दैना म्हणावी तर ही भाषा मुळीच आळशी नाही. तिचा उगम इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात शोधता येतो. तेथे 1978 साली रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचण्यास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढविला. पडद्यावर चित्र नाही, केवळ मजकूर. त्यात आपोआप हिंडणाऱ्या प्राण्यांना ‘मोबाइल’ म्हणजे चालते-फिरते म्हणत. त्याचे झाले ‘मॉब’. आज खेळाडू एकाच राक्षसालाही मॉब म्हणतो आणि इंग्रजीत मॉब म्हणजे जमाव, हे त्याला आठवतही नाही. पुढे 1999 मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले. शेकडो मैलांवरची माणसे एका लढाईत उतरू लागली. तलवार चालवायची ती त्याच हातांनी आणि निरोप टंकायचा तोही त्याच हातांनी. अशा वेळी शब्द आखूड झाले, यात नवल ते काय? तारेच्या काळी आपणही प्रत्येक शब्द मोजून लिहीत होतोच.

या लढाईत तीन भूमिका ठरून गेल्या. शत्रूचे वार अंगावर घेणारा तो टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि शत्रूला मारणारा डीपीएस. यांपैकी टँक या शब्दापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. इंग्रजी कोशकार या शब्दाचे मूळ शोधीत गुजराती व मराठीतील पाण्याच्या टाक्यापर्यंत येतात; पोर्तुगीज ‘तांक’चाही त्यात हात असल्याचे सांगतात. 1915 साली ब्रिटिशांनी पोलादी रणगाडा बनविला, तेव्हा गुप्ततेसाठी त्याला पाण्याची टाकी असे भासवणारे हे नाव दिले आणि तेच चिकटले. रणगाड्यावरून ते खेळातल्या ढालकऱ्याकडे गेले. म्हणजे आमच्या आजोळच्या परसातले टाके जगाचा फेरा करून नातवाच्या तोंडी परत आले! ‘आजोबा, आमचा टँक गेला,’ असे तो ओरडतो, तेव्हा शब्दाच्या पोटात एक चित्र असते. हीलरच्याही असते.

डीपीएसच्या पोटात मात्र काहीच नाही. दर सेकंदाला शत्रूचे किती नुकसान होते, ते मोजण्याचे हे माप. मापाची आद्याक्षरे घेऊन ती माणसाला लावली. शेराला शेर म्हणावे ते ठीक. पण धान्य मोजणाऱ्यालाच शेर म्हणून हाक मारावी, तसे हे झाले.

याच्या पुढची पायरी ‘डोटा’ या पाच-पाच जणांच्या खेळात दिसते. 2003 मध्ये दुसऱ्या एका खेळात फेरफार करून तो निघाला आणि ‘डोटा 2’ म्हणून 2013 पासून स्वतंत्रपणे नांदतो आहे. त्यातला ‘कॅरी’ हा शब्द आम्हांस फार आवडला. आरंभी जो दुबळा असतो, ज्याला सगळे जपतात आणि शेवटी जो सगळ्यांना वाहून नेतो, तो कॅरी. घरातल्या धाकट्याला शिकवून मोठे करावे आणि त्याने म्हातारपणी घर ओढावे, असा सबंध संसार त्या एका शब्दात आहे. परंतु जाणते खेळाडू आता हा शब्द थोडा मागे सारून पोझिशन वन ते फाइव्ह असे आकडेच बोलतात. सोने मिळविण्याचा पहिला मान वनचा आणि शेवटचा फाइव्हचा. टेहळणीची साधने लावणे, इतरांना सावरणे, वेळ पडल्यास त्यांच्यासाठी मरणे ही फाइव्हची कामे. आकड्यांना कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एकच पात्र वेगवेगळ्या जागी खेळविता येते, तेथे जुनी नावे अपुरी पडतात. शिवाय फिलिपिनो, इंडोनेशियन आणि भारतीय मुले एका संघात पडली, तर आकडा सर्वांना कळतो. तरीही फाइव्ह ऐकताच आम्हांस आमची कचेरी आठवली. ‘क्लास फोरला पाठवा,’ असे आम्ही स्वतः किती वेळा म्हटले असेल! घंटा वाजली की आत येणाऱ्या त्या अटेंडरला नाव होते, घर होते. आमच्या तोंडी मात्र वर्गाचा आकडा. अचूकपणा आमच्याही भाषेत होता.

आमचा आक्षेप आहे तो येथे. खेळ जसजसा निष्णातांच्या हाती जातो, तसतशी त्यातील भूमिकांची नावे चित्राकडून मापाकडे आणि मापाकडून आकड्याकडे सरकतात. हे अटळ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या विटीदांडूत नेमका उलटा प्रवास झाला आहे. वकट, लेंड, मुंड, नाल हे शब्द उच्चारीत आम्ही विटी पायावर, मुठीवर, डोळ्यावर ठेवून टोलविली. तेलुगू सहकाऱ्यांना ते सांगितले, तेव्हा ते खो खो हसले. कारण ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे तर त्यांचे एक, दोन, तीन, चार! शेजारच्या भाषेतले कोरडे आकडे मराठी पोरांच्या तोंडी आले आणि एकेका टोल्याचे नाव होऊन बसले. वकट म्हणजे एक, हे आम्हांस ठाऊक नव्हते. वकट म्हणजे वकट.

ही शब्द घडविण्याची ताकद नव्या खेळाडूंतून गेलेली नाही. भूमिकांच्या नावांबाहेर ती जागोजागी दिसते. नर्फ हे अमेरिकेतील मऊ फोमच्या खेळण्यांचे व्यापारी नाव. खेळ चालविणाऱ्या कंपनीने एखादे शस्त्र कमकुवत केले की खेळाडू म्हणतात, ‘नर्फ केले’. तलवार काढून घेऊन हाती फोमचा दांडा दिला, ही चीड त्या एका धातूत मावली आहे. तसेच न्यूबी आणि नूब यांचे. न्यूबी म्हणजे नवशिका, त्याला क्षमा आहे. नूब म्हणजे शिकूनही न सुधारणारा, त्याला नाही. एका अक्षराच्या फेराने एवढा भेद साधणाऱ्या भाषेला नासकी कसे म्हणावे?

नातवाच्या संघात गेली दोन वर्षे एकच मुलगा पाचव्या जागी खेळतो. त्याच्या चातुर्याची वाखाणणी आम्ही रोज ऐकतो : ‘आमचा फाइव्ह भारी आहे, आजोबा.’ त्याचे नाव काय, असे आम्ही एकदा विचारले. नातू क्षणभर थबकला. पडद्यावरचे टोपणनाव त्याने सांगितले, त्यातही शेवटी आकडेच होते. ‘अरे, खरे नाव?’

‘विचारायचे राहून गेले,’ तो म्हणाला आणि कानांवर हेडफोन चढवून पुन्हा खेळू लागला.