मधुमेहपूर्व अवस्था आणि रक्तातील मूलपेशी : उपलब्ध संशोधनाचे परीक्षण (हजीरा येथील पाळी-कामगारांच्या संदर्भात)

प्रस्तावना
सुरतजवळ तापी नदी समुद्राला मिळते, तेथे हजीरा हे औद्योगिक केंद्र आहे. येथील पोलाद, खत व वायू यांचे कारखाने चोवीस तास चालतात, त्यामुळे रात्रपाळी अटळ ठरते. सुरत परिसरात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत.
रात्रपाळीचा रक्तशर्करेशी संबंध आहे. फ्रँक शीर व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात झोपेच्या व जेवणाच्या वेळा शरीराच्या घड्याळाच्या उलट केल्या होत्या. पुरेशी माहिती मिळालेल्या 8 निरोगी व्यक्तींपैकी 3 जणांची जेवणानंतरची साखर त्यामुळे मधुमेहपूर्व पातळीवर गेली. प्रयोग छोटा असला तरी त्यातून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो. साखर 'थोडीशीच' वाढलेली असताना शरीराची हानी सुरू होते काय?

उपलब्ध संशोधन
रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराची झीज सतत होत असते. ती भरून काढण्यास मदत करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून रक्तात येतात, ही कल्पना 1997 मध्ये आसाहारा यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाली. मधुमेही रुग्णांत या पेशींची वाढ व चिकटण्याची क्षमता मंदावते, असे टेपर व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले. इटलीतील पादुआ येथील फादिनी व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये आणखी पुढचा मुद्दा मांडला. ग्लुकोज पचविण्याची क्षमता जसजशी घटते, तसतशी रक्तातील पूर्वज पेशींची संख्याही कमी आढळते. म्हणजे ही घट मधुमेहाच्या निदानापर्यंत थांबून राहत नाही.
याचे एक कारण अस्थिमज्जेत आहे. मधुमेहात मज्जेतील मूलपेशींच्या वसतिस्थानात बिघाड होतो व त्या रक्तात सोडल्या जात नाहीत, असे फेरारो व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले. थोडक्यात, पेशी मज्जेत असल्या तरी त्यांची बाहेर पडण्याची वाट अडलेली असते.

परीक्षण
हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत, परंतु ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. पहिली अडचण व्याख्येची आहे. कोणी सीडी 34 ही खूण धरून पेशी मोजतो, तर कोणी तिच्या जोडीला केडीआर ही खूण धरतो, त्यामुळे दोन अभ्यासांतील आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत. शिवाय पूर्वी 'अस्तर घडविणाऱ्या' म्हणून गणलेल्या अनेक पेशी प्रत्यक्षात रक्तपेशींच्याच कुळातील असतात, हे योडर व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्पष्ट केले. दुसरी अडचण कार्यकारणाची आहे. एकाच वेळी केलेल्या मोजणीतून साखरेमुळे पेशी घटल्या की पेशी घटल्यामुळे रोग वाढला, हे ठरत नाही. वय, धूम्रपान, रक्तदाब व औषधे यांचाही मोजणीवर परिणाम होतो.
तिसरी अडचण भारतीय वाचकाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की पुण्याकडील नवजात बालके ब्रिटिश बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्यातील चरबी त्या प्रमाणात कमी नसते. अंगाने सडपातळ, पण चरबी अधिक अशा शरीराला युरोपीय आकडे तंतोतंत लागू पडतील, असे गृहीत धरणे योग्य नाही.

व्यावहारिक अर्थ
2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे 13.6 कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. त्यांच्यासाठी मूलपेशींची मोजणी ही आज निदानाची चाचणी नाही. मूलपेशींचे इंजेक्शन हा मधुमेहावरील मान्य उपचारही नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक रोगांसारख्या मान्य कारणांसाठीचे मूलपेशी-प्रत्यारोपण वगळता इतर वापर प्रायोगिकच ठरतो. घाबरलेल्या कामगाराची बचत अशा जाहिरातींवर खर्च होऊ नये.
साधी तपासणी मात्र हाताशी आहे. उपाशीपोटी 100 ते 125 मिलिग्रॅम, किंवा 75 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर 2 तासांनी 140 ते 199 मिलिग्रॅम साखर, ही मधुमेहपूर्व अवस्थेची खूण मानली जाते. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची मर्यादा 110 पासून धरते.) रात्रपाळीच्या कामगाराची केवळ उपाशीपोटीची साखर पाहिली, तर दोष नजरेतून निसटू शकतो. चेन्नईतील रामचंद्रन व सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासात आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले.

समारोप
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की मूलपेशींवरील संशोधनाने 'थोडीशी साखर' या शब्दप्रयोगातील निश्चिंतपणा काढून घेतला आहे. तरीही त्याने अद्याप नवी चाचणी वा नवे औषध दिलेले नाही. पुढील अभ्यास पाळी-कामगारांवर, एकाच व्याख्येने व अनेक वर्षे पाठपुरावा करून व्हावा. असा अभ्यास हजीऱ्यासारख्या ठिकाणी झाला, तर तो विज्ञानाच्या व कामगारांच्या दोघांच्याही उपयोगी पडेल.