गिरणगावाचे साहित्यातील चित्र : एकजुटीचा आग्रह आणि त्याच्या मर्यादा

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सूतकताई-विणकामाची कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्या अर्धशतकात ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात जी वस्ती उभी राहिली, तिला गिरणगाव हे नाव मिळाले. कोकणातील व घाटावरील कुणबी-मराठा, महार, उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली असे अनेक समाज येथे आपापली गावकी घेऊन आले. मराठी साहित्याने या वस्तीला आवाज दिला, हे समीक्षेने वारंवार नोंदविले आहे. परंतु तो आवाज नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या गौरवात मागे पडतो.

नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत कामगार प्रथमच स्वतःच्या भाषेत, आत्मविश्वासाने बोलू लागला. दंगलीत मारला गेलेला याकूब नालबंदवाला त्यांच्या कवितेत येतो, तेव्हा वस्तीचे बहुधर्मीय रूपही जाणवते. सुर्वे यांचे मोठेपण निर्विवाद आहे. तथापि त्यांची कविता माणसामाणसांतील भेद वर्गभावनेत विरघळवू पाहते, आणि प्रत्यक्ष गिरणीत ते इतक्या सहज विरघळत नव्हते. धोट्यातील सूत विणकराला तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या या कारणाने अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उपस्थित केला. म्हणजे एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर कामाला येणाऱ्यांची मजुरीही जात ठरवीत होती. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत कामगारांमधील ही भेग निर्दयपणे उघडी पडते. पण ती कथा रेल्वेतील कामगारांची आहे, गिरणगावाची नव्हे, हेही सूचक म्हणावे लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने त्याचे परिणाम चाळीतील एका खोलीत आणून दाखविले. येथे घोषणा नाहीत. एक विधवा आई, दिशाहीन मुले, गुन्हेगारीकडे ओढला जाणारा एक मुलगा. एकजुटीचा जुना सूर नाटककाराने जाणीवपूर्वक सोडला, ही या नाटकाची खरी कमाई होय. मात्र खोलीचा हा आवाका मोमीन विणकरांच्या मदनपुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. नाट्यप्रकाराची मर्यादा म्हणून हे समजून घेता येते. उणीव म्हणून तरीही ते नोंदविले पाहिजे.

दुसरी उणीव स्त्रियांची. एकट्याने राहणाऱ्या हजारो कामगारांना खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांनी जेवू घातले. संपकाळात पगार बंद झाला, की त्यांची उधारीही बुडे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे त्यांना संघटित केले. ‘अधांतर’मधील आई कुटुंबाचा आधार म्हणून उभी राहते, श्रमाचा मोबदला मागणारी खानावळवाली मात्र मराठी नाटक-कादंबरीच्या केंद्रस्थानी क्वचितच आली.

आज गिरण्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे आहेत. त्यामुळे इतिहास, समाजशास्त्र व साहित्य या तिन्ही विषयांचे प्राध्यापक याच कलाकृती गिरणगावाचा पुरावा म्हणून वर्गात वापरतात. विणकाम खात्याचे बंद दार आणि खानावळीची उधारवही यांना त्या पुराव्यात जवळजवळ स्थान नाही.