तबकडीवर न आलेला सिनेमा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

दोन पिशव्या भरून रेकॉर्ड्स आणल्यात, त्यामुळे हात अजून दुखतायत. एलपी दिसते पातळ, पण चाळीस एकदम उचलून जिना चढून बघा, म्हणजे हा छंद किती वजनदार आहे ते कळेल. (हशा)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. पंचवीस वर्षं मी सिनेमाच्या रेकॉर्ड्स जमवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं एका गैरसमजात गेली. मला वाटायचं, माझ्या कपाटात सिनेमाचं संगीत आहे. तसं ते नाहीये. तिथे सिनेमाची गाणी आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कुणा समीक्षकाने सांगितलं नाही, एका व्हायोलिनवादकाने सांगितलं. वय झालेले गृहस्थ. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या स्टुडिओंमध्ये शिफ्टवर वाजवायचे. घरी आले होते. मी मोठ्या रुबाबात कपाट उघडलं आणि म्हटलं, काका, तुम्ही वाजवलेलं काहीही सांगा, लावतो. त्यांनी दोन-तीन गाणी ऐकली, मान डोलावली. मग म्हणाले, "एका सिनेमात एक पाठलाग होता. दीड मिनिटाचा तुकडा, पण दिवसभर वाजवला होता. माझ्या हातून तसं पुन्हा वाजलं नाही. ते आहे का?" ते नव्हतं. ते कुठल्याच कपाटात असणार नव्हतं, कारण त्याची तबकडी कधी निघालीच नाही.

आजचं बोलणं त्या दीड मिनिटाबद्दल आहे.

आपण 'साउंडट्रॅक' हा शब्द फार सैल वापरतो. मूळ अर्थ अगदी साधा आहे. फिल्मच्या कडेने आवाजाची एक पट्टी धावते, ती साउंडट्रॅक. तिच्यात संवाद असतात, पावलं असतात, दाराची कुरकुर असते, पार्श्वसंगीत असतं आणि गाणीही असतात. आपल्याकडे या सगळ्यातून गाणी तेवढी उचलून तबकडीवर घातली आणि कव्हरवर सिनेमाचं नाव छापलं. पुढे आपल्याला तीच पट्टी वाटायला लागली.

हे कुणाच्या दुष्टपणामुळे झालं नाही, हेही सांगायला हवं. ७८च्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीन, सव्वातीन मिनिटं मावायची. गाणं तेवढ्यात बसतं, किंवा बसवता येतं. रेडिओवर गाणं वाजतं, ते ऐकून लोक दुकानात येतात. पाठलागाचं संगीत मागायला दुकानात कोण येणार, आणि मागणार तरी काय म्हणून? त्याला मुखडा नाही, नाव नाही. शिवाय ते संगीत पडद्यावरचं दृश्य समोर ठेवून तुकड्यातुकड्याने मुद्रित व्हायचं, मग संवादांत मिसळायचं. एकदा मिसळलं की काम झालं. वेगळी टेप कशाला जपायची, असा तो हिशेब. वादकाला शिफ्टचे पैसे मिळत आणि तो दुसऱ्या स्टुडिओत पळत असे.

आता पुण्यातलंच उदाहरण घेतो. प्रभातचा 'कुंकू', १९३७. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचं संगीत, शांता आपटे आणि केशवराव दाते. या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलेलंच नाही. जे ऐकू येतं ते घरातलं आणि रस्त्यावरचं. म्हाताऱ्या काकासाहेबांचं ते भिंतीवरचं घड्याळ आठवा. त्या घड्याळात त्या माणसाचं सगळं वय आहे. आता माझ्यासारख्या माणसाकडे 'कुंकू'चं काय असू शकतं? गाण्यांच्या ७८च्या तबकड्या. माझ्याकडे एक आहे, कडेला टवका उडालेली. ती लावली की शांता आपटेंचा आवाज येतो, आणि तो आवाज आजही अंगावर येतो. पण घड्याळ येत नाही. ज्या धाडसासाठी हा सिनेमा ध्वनीच्या इतिहासात मोजायला हवा, ते धाडस तबकडीवर शून्य आहे. शांततेची रेकॉर्ड कोण काढणार! (हशा)

म्हणजे तबकड्या जमवणं फुकट आहे, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. तबकडी काही गोष्टी सांगते ज्या पडदा सांगत नाही. १९४९चा 'महल' घ्या. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणाऱ्या लताबाईंचा तिथे पत्ताच नाही. गाणं रेडिओवर लागायला लागलं तेव्हा लोक नाव विचारायला लागले. पार्श्वगायिका नावाच्या माणसाला नाव नव्हतं, हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि ते लेबल हातात धरून बघणं वेगळं. कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' केला, त्यात गाण्यांसोबत रेकॉर्डचे नंबर दिलेत. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. या लोकांनी जे काम केलं ते विद्यापीठांनी करायला हवं होतं. त्यामुळे संग्राहकांची टिंगल करायला मी इथे उभा नाही. मी स्वतःच जुन्या बाजारातून 'शोले'चं कव्हर घेऊन घरी आलोय आणि उघडल्यावर आत भजनं निघाली आहेत. (हशा) भजनं चांगली होती, तो भाग वेगळा.

'शोले'चं नाव निघालंच आहे, तर तिथेच थांबू या. माझा खरा मुद्दा तिथेच आहे.

१५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' आला. राहुल देव बर्मन यांचं संगीत. रेकॉर्ड पॉलिडॉरची. गाण्यांची एलपी आधी निघाली. सिनेमा चालायला लागल्यावर कंपनीच्या लक्षात आलं की लोकांना गाण्यांपेक्षा संवाद जास्त पाठ झालेत. मग संवादांची तबकडी काढली. ती किती वाजली हे इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. गणपतीचे मांडव, लग्नाचे मांडव, इराण्याचं हॉटेल. भोंग्यातून गब्बर हसायचा आणि पोरं त्याच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायची.

रसिक संग्राहकांमध्ये या दोन तबकड्यांची पायरी ठरलेली आहे. गाण्यांची एलपी वर, संवादांची खाली. संवादांची म्हणजे बाजारू, पोराटोरांची. मीही कित्येक वर्षं ती घेतली नव्हती. दीडशे रुपयांना मिळत होती आणि मी नाक मुरडून पुढे जायचो.

मी चुकत होतो. दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून पाहू. गाण्यांच्या एलपीवर शीर्षकसंगीत आहे, हे मान्य. गिटार सुरू होते आणि घोडेस्वार दिसायला लागतात. तेवढा एक पार्श्वसंगीताचा तुकडा त्या तबकडीने वाचवला, त्याबद्दल तिला नमस्कार. पण त्याच तबकडीवर एक कव्वाली आहे जी सिनेमात नाहीच. मुद्रित झाली, चित्रित झाली नाही. म्हणजे गाण्यांची एलपी तुम्हाला सिनेमात नसलेलं काही देते आणि सिनेमातलं बरंचसं देत नाही. बसंतीच्या टांग्याचा पाठलाग आठवा. तिथे तबला आहे, आणि तो वाजवलाय बनारसच्या पंडित सामताप्रसादांनी. टापांच्या लयीवर एवढा मोठा तबलजी जीव तोडून वाजवतोय. गाण्यांच्या एलपीवर तो नाही. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तेव्हा झोपाळ्याची करकर ऐकू येते, तीही नाही. जयचा माउथ ऑर्गन संध्याकाळी दिवे मालवताना वाजतो. ती धून भानू गुप्तांनी वाजवलेली, आणि सिनेमातली प्रेमकथा संवादांपेक्षा त्या धूनमध्येच जास्त आहे. गाण्यांच्या एलपीकडून तिची अपेक्षा कुणी करतच नाही.

आता संवादांची घ्या. ही तबकडी स्टुडिओत पुन्हा बोलून तयार केलेली नाही. ती सिनेमाच्या आवाजातूनच कापून काढलेली आहे. त्यामुळे संवादाच्या खाली जे काही आहे ते सगळं त्याच्याबरोबर आलं. गब्बरच्या अड्ड्यावरचा प्रसंग घ्या. खडकावर बूट वाजतात, पट्टा घासतो, आणि त्याखाली तो एक विचित्र, ताणलेला, घशातून आल्यासारखा सूर. कंपनीला संवाद विकायचे होते. पार्श्वसंगीत विकण्याचा तिचा विचारही नव्हता. चिखलाबरोबर कमळ यावं तसं ते आलं. म्हणून माझं म्हणणं असं की हिंदी सिनेमाची खऱ्या अर्थाने साउंडट्रॅक म्हणावी अशी तबकडी शोधायची, तर ती या खालच्या पायरीवर सापडते. 'मुघल-ए-आझम'च्या संवादांची तबकडीही मी याच कारणासाठी आता मानाने ठेवतो.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. हे असं ऐकणं म्हणजे भिंतीला कान लावून शेजारच्या घरातलं गाणं ऐकण्यासारखं आहे. सूर नीट लागला की कुणीतरी बोलायला लागतं. खरं आहे. आणि एलपीच्या दोन बाजूंत मिळून मावणार पाऊण तास, सिनेमा साडेतीन तासांच्या आतबाहेरचा. पण दुसरं काही नसताना भिंतही चालते.

बाहेर काय होतं? 'स्टार वॉर्स', १९७७. जॉन विल्यम्स, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, दोन एलपींचा संच, जवळपास सगळं पार्श्वसंगीत. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याचीही संवाद आणि आवाजांसकट गोष्ट सांगणारी वेगळी एलपी निघाली होती. म्हणजे त्यांना दोन्ही मिळालं. अर्थात तिथेही सगळं आलबेल नव्हतं. 'सायको' १९६०चा, आणि बर्नार्ड हरमन यांनी त्याचं संगीत तबकडीसाठी पुन्हा वाजवून घेतलं ते १९७५मध्ये. ऐकाल तर लय जरा जड वाटते. पंधरा वर्षांनी तोच सुरा तसाच कसा चालणार.

दूरदर्शनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही आणि तेच दुःख आहे. मालिका घराघरांत पोचल्या त्या १९८४च्या 'हम लोग'पासून. तोवर बाजार कॅसेटने व्यापला होता. तबकडी उताराला लागली होती. वनराज भाटिया लंडन-पॅरिसला शिकून आलेले संगीतकार. 'अंकुर'पासून बेनेगलांबरोबर होते. १९८८मध्ये त्यांची दोन मोठी कामं छोट्या पडद्यावर आली, 'भारत एक खोज' आणि निहलानींचं 'तमस'. 'तमस'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या तबकड्यांच्या कपाटात यातलं काहीही नाही. आमच्या घरी 'भारत एक खोज' लागायचं तेव्हा मोठा भाऊ टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला चिकटवून धरायचा आणि सगळ्यांना गप्प बसवायचा. त्या कॅसेटमध्ये ऋग्वेदाच्या ऋचा आहेत आणि मध्येच आईचा आवाज आहे, "दूध उतू गेलं!" (हशा)

मग आपल्या पार्श्वसंगीताला भाव कधी आला? बऱ्याच अंशी बाहेरच्यांनी उचललं तेव्हा. १९९९मध्ये अमेरिकेत 'बॉम्बे द हार्ड वे' नावाचा अल्बम निघाला. कल्याणजी-आनंदजींचं सत्तरच्या दशकातल्या मारधाडपटांचं संगीत, वर डॅन द ऑटोमेटरचे ठोके. ऐकायला झकास आहे, मी नाकारत नाही. पण तुकड्यांना नावं दिली ती चटणी आणि करीची. म्हणजे तो दीड मिनिटाचा पाठलाग अखेर तबकडीवर आला, तो विनोद होऊन. वाजवणारे कोण, हे तिथेही नाही. आणि आपण तरी कुठे लिहिलं होतं? आपल्या जुन्या एलपींची कव्हरं उलटून बघा. संगीतकार, गीतकार, गायक. सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या माणसाने शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची रचना वर्षानुवर्षं केली, मारुतीराव कीर यांनी पंचमच्या तालाचा कणा सांभाळला. कव्हरवर शोधत बसा.

हल्ली जुन्या सिनेमांच्या नव्या एलपी येतात, जाड, चकचकीत, काही हजारांच्या. मी एक घेतली. तीच गाणी, त्याच क्रमाने, आणि आवाज सीडीवरून उतरवल्यासारखा. रंगीत प्लास्टिकवर खर्च केला, पार्श्वसंगीताची एक ओळ जोडली नाही. या कंपन्यांकडे मागणी करायची असेल तर ही करा: चित्रपटाची पट्टी जिथे टिकली असेल तिथून संगीत काढा आणि वाजवणाऱ्यांची नावं छापा. अशक्य नाही. 'शोले'ची पुनर्संचयित प्रत २०२५मध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली गेली. म्हणजे मूळ सामग्रीपर्यंत पोचण्याची इच्छा आणि कसब आपल्याकडे आहे.

प्रश्नोत्तरांआधी पाच मिनिटं आहेत. ही संवादांचीच आहे. कव्हर फाटलंय, पण आत भजनं नाहीत, तपासून आणलंय. संवाद तुम्हाला पाठ आहेत, तेव्हा कृपा करून बरोबर म्हणू नका. गब्बर बोलायचा थांबतो तिथे त्याच्या खाली काय चाललंय, तेवढंच ऐका.

(ध्वनिमुद्रिका लावली जाते.)